रिमिक्समधला ‘सैतान’ आणि मंडळांच्या ग्रुपवरचा मेसेज

गणपती जवळ आले की बेळगाव-खानापूरकडच्या मंडळांच्या ग्रुपवर हा मेसेज ठरलेला: ‘अ‍ॅफेक्स ट्विन नावाच्या इंग्रज संगीतकाराच्या प्रत्येक रिमिक्समध्ये मूळ गाणं आणि सैतानाचा चेहरा दडवलेला असतो. पोरांच्या डोक्यावर परिणाम होतो, डॉल्बीवर रिमिक्स बंद करा.’ खाली दात विचकणारा एक फोटो.

फोटो खरा आहे, बाकी काही नाही. तो चेहरा मुळात रिमिक्समधला नाहीच. 1999 च्या ‘विंडोलिकर’ या त्याच्या सिंगलवर (दोन-तीन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) दुसरा एक ट्रॅक आहे, ज्याचं नाव म्हणजे लांबलचक गणिती सूत्र. त्याच्या शेवटाकडे तो सापडतो. आणि सैतान कसला, तो रिचर्ड डी. जेम्स, म्हणजे खुद्द अ‍ॅफेक्स ट्विन! चित्रातली उंची म्हणजे स्वराची उंची, डावीकडून उजवीकडे वेळ, उजेड जास्त तिथं आवाज मोठा, असं धरून चित्राचा आवाज बनवता येतो. त्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते स्वर किती मोठे हे दाखवणारा आलेख, काढला की चित्र परत दिसतं. कानाला मात्र नुसती करकर. जो चेहरा ऐकूच येत नाही, तो पोरांच्या डोक्यात शिरणार कुठून?

यावर ग्रुपवरचे म्हणतात, ‘आम्ही स्पेक्ट्रोग्रामच्या ॲपवर बघितलं, चेहरा नव्हता, म्हणजे कंपनीनं काढला.’ अहो, फ्रिक्वेन्सीची (स्वराच्या उंचीची) पट्टी लॉगॅरिदमिक, म्हणजे प्रत्येक सप्तकाला सारखी जागा देणारी, ठेवली का? नसेल तर चेहरा वेडावाकडा ताणला जातो. शिवाय फोनाफोनी फिरून आलेल्या फाईलीत वरचे स्वर बऱ्याचदा छाटलेले असतात. शोधायलाच बसलं तर ढोलाच्या रेकॉर्डिंगमध्येही ढगातल्या हत्तीसारखं काहीतरी दिसेलच की.

मूळ गाणं दडवण्याचं म्हणाल, तर गंमत उलटीच आहे. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या 1995 च्या ‘फर्दर डाऊन द स्पायरल’ या रिमिक्स अल्बमसाठी त्यानं दिलेल्या दोन रचना चक्क स्वतःच्या, नव्या. दडवायला मूळ गाणं हवं ना! 2003 साली असली कामं एकत्र काढली तेव्हा संग्रहाला नाव दिलं ‘26 मिक्सेस फॉर कॅश’. पैशासाठी केलं, हे मुखपृष्ठावरच. त्याच संग्रहात ‘हीरोज’ आहे. त्यात गायक डेव्हिड बोवीचा आवाज आणि संगीतकार फिलिप ग्लासची सिम्फनी (वाद्यवृंदाची रचना) एकमेकांवर चढवलीय, दोन्ही उघड ऐकू येतात.

राहिला डॉल्बी. तो आवरा, माझी काही हरकत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा दिलेली आहे. मेसेजमध्ये ती मर्यादा घाला, फोटो काढून टाका.