‘रिपोर्ट मॅनेज केला की केस संपली’ : एका फॉरवर्डला उत्तर

एखाद्या विवाहितेच्या मृत्यूची बातमी आली की दुसऱ्या दिवशी हा मजकूर ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, खाली ‘एक ज्येष्ठ वकील’ एवढीच सही असते. सांगणं साधारण असं : नवरा-बायकोच्या भांडणातला गुन्हा कोर्टात सिद्ध होतच नाही. चार भिंतींत घडलेलं कुणी पाहिलेलं नसतं. साप चावला, स्टो भडकला असं सांगितलं की पोलिसांचे हात बांधले जातात. डॉक्टरने ‘फिट’, म्हणजे शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत, असा शेरा दिला नसेल तर मृत्युपूर्व जबाब बाद. विष सापडलं नाही तर सुटका. इतका छळ होता तर ती राहिली कशी, या प्रश्नाला उत्तर नसतं. आणि तज्ज्ञ काय, पैसे दिले की हवं ते लिहितात. म्हणून तक्रारीच्या भानगडीत पडू नका.

यात अर्धसत्यं आहेत, म्हणूनच ते खपतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘कुणी पाहिलं नाही, मग डॉक्टर काय सांगणार?’

डॉक्टर कोणी मारलं ते सांगत नाही. ते त्याचं कामही नाही. काय घडलं असू शकतं आणि काय घडलेलं असणं शक्य नाही, हे तो सांगतो. घरातल्या खटल्यात हा दुसरा भाग फार मोलाचा, कारण घरच्यांनी आधीच एक हकीकत सांगितलेली असते. तिने फास लावून घेतला, ती न्हाणीघरात घसरली, तिला साप चावला. डॉक्टरची साक्ष ती हकीकत तपासते.

गळफासाचंच बघा. लटकून मृत्यू झाला असेल तर दोरीचा वळ सहसा मानेच्या वरच्या भागात, हनुवटीखालून तिरका कानामागे चढत गेलेला आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोरीने आवळलं असेल तर तो बहुधा खाली, आडवा आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला असतो. हाताने दाबलं असेल तर वळ नसतो. बोटांच्या खुणा, नखांचे ओरखडे आणि आतल्या स्नायूंत साकळलेलं रक्त असतं. कंठास्थी, म्हणजे गळ्यातलं छोटं हाड, मोडली होती का, हा प्रश्न उलटतपासात हमखास येतो. पण तरुण वयात ते हाड लवचीक असतं, गळा दाबूनही सहसा मोडत नाही. त्यामुळे ‘हाड शाबूत, म्हणजे गळा दाबला नाही’ हा बचाव अनुभवी डॉक्टरपुढे टिकत नाही. अननुभवी डॉक्टर मात्र तिथेच गडबडतो, हेही खरं.

न्हाणीघराचंही तसंच. घसरलेल्या माणसाला कोपर, ढोपर, डोकं, कंबर अशा ठिकाणी मार लागतो, आणि सगळा एकाच वेळचा. पाठीवर एक वळ लालसर, दुसरा निळाकाळा, तिसरा हिरवट आणि चौथा पिवळा पडलेला असेल, तर त्या बाईला वेगवेगळ्या दिवशी मार बसला असण्याची शक्यता मोठी. हातांच्या बाहेरच्या बाजूला जखमा असतील तर तिने वार अडवायला हात वर केले असण्याची शक्यता मोठी. रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही. पण सगळ्या जखमा एका पडण्यातल्या दिसत नाहीत, एवढं बहुतेक वेळा सांगता येतं.

‘साप चावला म्हटलं की संपलं’

हा दावा तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने खोडलेला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या माहेरी निरोप गेला की ती साप चावून गेली. शवविच्छेदनात मात्र मृत्यूचं कारण निघालं गळा दाबल्याने गुदमरणं. ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2006 साली नवऱ्याची शिक्षा कायम झाली. घराच्या आत, घरच्यांखेरीज कुणी नसताना गुन्हा घडला, तर सरकार पक्षाकडून प्रत्यक्षदर्शी पुराव्याची तीच अपेक्षा ठेवता येत नाही. घरात असलेल्यांनी पटेल असं स्पष्टीकरण द्यायला हवं, गप्प बसून किंवा खोटं सांगून चालणार नाही, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. आज विवाहितेच्या मृत्यूचे अनेक खटले या निकालाला हात लावून पुढे जातात. पण क्रम लक्षात घ्या. आधी डॉक्टरने ‘साप नव्हे, गळा’ हे सांगितलं, मग नवऱ्यावर उत्तर देण्याची वेळ आली.

केरळातल्या कोल्लमच्या खटल्यात तर साप खरंच चावला होता. मे 2020 मध्ये एका तरुण विवाहितेचा माहेरी झोपेत नागाच्या दंशाने मृत्यू झाला. दोनच महिन्यांपूर्वी सासरी तिला घोणस चावली होती आणि त्यातून ती जेमतेम सावरत होती. डॉक्टरच्या दृष्टीने मृत्यूचं कारण स्पष्ट, सर्पविष. मग गुन्हा कसा सिद्ध करायचा? तपास पथकाने पुरलेला नाग उकरून त्याचंही शवविच्छेदन करून घेतलं. सर्पतज्ज्ञांना बोलावलं. एका पुतळ्याच्या हाताला कोंबडीचं मांस बांधून जिवंत नागाकडून दंश करवले आणि सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजलं. नाग आपणहून चावला तेव्हा ते पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास भरलं. डोकं धरून, दाबून चावायला लावलं तेव्हा दोनच्या वर गेलं. मृत तरुणीच्या हातावर दोन दंश होते, एकाचं अंतर 2.3 आणि दुसऱ्याचं 2.8 सेंटिमीटर. नाग पुरवणारा सर्पमित्र माफीचा साक्षीदार झाला, ते वेगळं. ऑक्टोबर 2021 मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला दुहेरी जन्मठेप दिली. पोलिसांचे हात सापाने नाही, बहुतेक वेळा आळसाने बांधलेले असतात.

‘डॉक्टरचा फिट शेरा नाही, म्हणजे जबाब बाद’

हे कधी काळी काही प्रमाणात खरं होतं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन निकालांत यावर दोन मतं पडली. तो गुंता 2002 मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सोडवला. डॉक्टरचं प्रमाणपत्र ही सावधगिरीची बाब आहे, अट नव्हे. जबाब घेणारा दंडाधिकारी स्वतः प्रश्न विचारून सांगत असेल की बोलणारी व्यक्ती शुद्धीवर होती, समजून उत्तरं देत होती, आणि न्यायालयाला ते पटत असेल, तर शेरा नाही म्हणून जबाब फेकून देता येत नाही. हा निकाल येऊन वीस वर्षं उलटली, ‘ज्येष्ठ वकील’ अजून आधीच्या जमान्यात आहेत.

याच्या जोडीला एक उपदावा असतो, की 90 टक्के भाजलेलं माणूस बोलूच शकत नाही. टक्केवारी म्हणजे भाजलेल्या कातडीचा हिशेब. दोन्ही हात 18, पाठीकडचं धड 18, असा तो मांडतात. शुद्ध किती, वाचा शाबूत का, हे त्यावरून कळत नाही. ते उपचार करणारा डॉक्टर सांगतो. 1992 च्या एका गुजरातच्या खटल्यात 99 टक्के भाजलेल्या स्त्रीचं बोलणं सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं, कारण डॉक्टरची साक्ष होती की ती बोलण्याच्या स्थितीत होती. उलट, कमी भाजलेल्या माणसाचा जबाब संशयापोटी बाजूला ठेवल्याचीही उदाहरणं आहेत.

आणि तो स्टो. पंचनाम्यात जप्त झालेला स्टो मुद्देमाल म्हणून कोर्टात येतो. टाकी अखंड असेल तर ‘भडकला’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती. काजळीचा मागमूस नसेल तर आधी मारून मग पेटवलं का, ही शंका उभी राहते. केसांना रॉकेलचा वास होता का, ही पीएम नोट्समधली, म्हणजे शवविच्छेदनाच्या नोंदींमधली, एक ओळ कधीकधी दहा साक्षीदारांना भारी पडते. साक्षीदार फितूर होतात, ती ओळ होत नाही.

‘विष सापडलं नाही तर सुटका’

पुण्याच्या डॉ. अनंत लागू खटल्याची आठवण जुन्या लोकांना असेल. ते प्रकरण पती-पत्नीचं नव्हतं, डॉक्टर आणि त्याची पेशंट असलेल्या विधवेचं होतं. मृतदेहात कुठलंच विष सापडलं नाही, तरीही परिस्थितीजन्य पुराव्यावर खुनाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. उलट बाजूचं उदाहरणही पुण्याचंच, 1984 चा सारडा निकाल. विवाहितेच्या पोटात पोटॅशियम सायनाइड निघालं, खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला फाशी दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. विष होतं हे तज्ज्ञाने सांगितलं. ते दिलं की घेतलं, हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि आत्महत्येची शक्यता उरत होती. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी हवी, याची पाच सूत्रं याच निकालातली. तज्ज्ञाची साक्ष नवऱ्याच्या विरोधातच जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनीही हा निकाल वाचावा.

‘छळ होता तर राहिली कशी?’

फॉरवर्डमधला सगळ्यात दुष्ट प्रश्न हाच, आणि आपली न्यायव्यवस्था सगळ्यात कमी पडते तीही इथेच. शरीराच्या जखमांसाठी आपण तज्ज्ञ बोलावतो, मनाच्या जखमांसाठी क्वचित.

कॅनडात 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लावाली खटल्याचा निकाल दिला. सतत मार खाणाऱ्या एका तरुणीने जोडीदार खोलीबाहेर पडत असताना त्याला मागून गोळी घातली होती. नुसतं एवढं ऐकलं तर स्वसंरक्षण कुठलं? मानसोपचारतज्ज्ञाने ज्युरीला समजावलं की मार, माफी, गोडवा आणि पुन्हा मार या फेऱ्यात अडकलेल्या व्यक्तीला सुटकेचा रस्ता का दिसत नाही, आणि पुढचा हल्ला जिवावरचा असेल हे तिला बारीक खुणांवरून कसं कळतं. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं होतं. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी ही साक्ष योग्य ठरवली आणि मधल्या अपिलात फिरलेला तो निकाल पुन्हा कायम झाला. सतत मार खाणाऱ्या स्त्रीच्या या मनोवस्थेला ‘बॅटर्ड वुमन सिंड्रोम’ म्हणतात. ‘सिंड्रोमचं सर्टिफिकेट आणा आणि खून माफ’ असा याचा अर्थ काहीजण लावतात, तो चूक. तज्ज्ञाने संदर्भ दिला, तिचं वागणं वाजवी होतं का, हे ज्युरीनेच ठरवलं.

आपल्याकडे 2013 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने अशाच विचाराने, नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं सोसणाऱ्या स्त्रीचा गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला. जिल्हा पातळीवर मात्र ‘माहेरी का गेली नाही’ हा प्रश्न उलटतपासात बेधडक विचारला जातो, आणि त्याचं उत्तर द्यायला मानसशास्त्र जाणणारा माणूस पिंजऱ्यात नसतो. इथे फॉरवर्डवाल्याच्या अज्ञानाचा दोष निम्माच त्याचा आहे.

‘तज्ज्ञ विकले जातात’

काही विकले जातात. म्हणूनच कायदा तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 नुसार, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 45 नुसार, तज्ज्ञाचं ते ‘मत’, निष्कर्ष नव्हे. त्या मताला कारणं आणि निरीक्षणं लागतात, कोरडा निष्कर्ष चालत नाही. गंमत अशी, की हे तत्त्व ठसवणारा 1999 चा निकाल हिमाचलच्या सफरचंदांच्या रोगावरून झालेल्या खटल्यातला आहे. बचाव पक्ष हरकत घेत असेल तर पीएमचा कागद दाखल करून भागत नाही, डॉक्टरला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. खरी रड वेगळी आहे. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी न्यायवैद्यक शास्त्रातला नसतो, व्हिसेऱ्याचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या आतल्या अवयवांचा, अहवाल रखडतो, आणि साक्षीची तारीख येईपर्यंत डॉक्टरची बदली झालेली असते.

राहिला शेवटचा सल्ला, तक्रारीत पडू नका. मार बसला त्याच दिवशी दवाखान्यात जा, एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, करायला सांगा, कोणी आणि कशाने मारलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. कारण तो ते केस पेपरवर लिहितो, आणि सोबत आलेल्या सासूच्या धाकाने ‘घसरून पडले’ असं सांगितलंत, तर तीन वर्षांनी बचाव पक्षाचा वकील पहिला तोच कागद वाचून दाखवेल.