रतीब

"काय हो, म्हशीचं की गायीचं?"

रविवार सकाळ, साडेसात. पार्किंगमध्ये बुलेटशेजारी उकिडवा बसून मी कॅरिअरचा नट आवळत होतो. अंगात भोकं पडलेला गंजीफ्रॉक, कोपरापर्यंत ग्रीस. वर बघतो तर बी विंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या काकू.

मागचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरात गोव्याला वागातोरच्या हिलटॉपवर बुलेटवाल्यांचा मेळा भरतो. आधी त्याला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स. आम्ही चौघं पुण्याहून दरवर्षी जायचं ठरवतो. जातो असं नाही, ठरवतो. यंदा रजा मंजूर झाली, म्हणून उत्साहाच्या भरात २०११ च्या माझ्या बुलेटला मी लडाख कॅरिअर बसवून घेतलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि त्यांत दोन चंदेरी कॅन.

"काय म्हशीचं?"

"दूध हो. रतीब घालता ना?"

मी गाडीकडे तिऱ्हाइताच्या नजरेनं पाहिलं. चूक काकूंची नव्हती. कराड-कोल्हापूरकडे पहाटे रस्त्याला लागलात तर अशा बुलेटी भेटतातच. दोन्हीकडे कॅन, मध्ये मफलर गुंडाळलेला माणूस. आणि तो थंडी-पावसात रोज गाडी हाणतो. माझी महिन्यातून दोनदा पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येते. म्हणजे काकूंनी मला बढतीच दिली होती. हे आत्ता सुचतंय. तेव्हा कानशिलं तापली होती.

"नाही काकू, पेट्रोलचे कॅन आहेत."

"पेट्रोल विकता?"

"विकत नाही. प्रवासाला. गोव्याला चाललोय."

"अगंबाई, गोव्यात पेट्रोल मिळत नाही?"

"मिळतं की. इथल्यापेक्षा स्वस्त मिळतं."

"मग इथनं भरून कशाला नेता?"

आता याला काय सांगणार? पुणे-गोवा रस्त्यावर पंप शोधावे लागत नाहीत, चुकवावे लागतात. पण नुसत्या कॅरिअरला शोभा नाही, असं गॅरेजवाला म्हणाला होता.

"मोटोव्हर्स असतं तिथं, काकू."

"मोठं वर्ष? कुणाचं?"

"मोटोव्हर्स. हजारो बुलेटवाले जमतात."

"जमून काय करतात?"

"एकमेकांच्या गाड्या बघतात."

"कुठल्या गाड्या?"

"बुलेट."

काकू थांबल्या. माझ्या गाडीकडे बघितलं, शेजारी सी विंगच्या मुलाची बुलेट उभी होती तिच्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे बुलेटवर बसून साडेचारशे किलोमीटर जायचं, आणि तिथं जाऊन बुलेट बघायची."

वाक्य प्रश्नार्थक नव्हतं.

"आमच्या ह्यांना तुळजापूरला चला म्हटलं की गुडघे दुखतात," त्या पुढे म्हणाल्या. "असू दे. तुम्ही गोव्याहून आलात की अर्धा लिटर सुरू करा. सकाळचंच. पिशवीच्या दुधाला साय धरत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं पेपरातून मान वर न करता विचारलं, "काय भाव सांगितलास?"

खरं तर काकूंवर माझा राग नाही. राग कुठे काढायचा ते कळत नाही, म्हणून काकू. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची पाटी सक्तीची झाली. मी शहाणा. मार्च २०२५ च्या मुदतीच्या आत जीएसटीसकट ५३१ रुपये भरले, अर्धा दिवस रजा टाकून पाटी ठोकून घेतली. त्यानंतर मुदत वाढली. मग आणखी वाढली. आमच्यातल्या बँकवाल्यानं काहीही केलं नव्हतं, तो दर वेळी मला बातमीचा फोटो पाठवायचा. खाली काही लिहायचा नाही. नुसता फोटो.

रस्त्याची बैठक तर विचारूच नका. तीन रविवार, चहाचे अकरा राउंड. एकाला आजरा-आंबोली, एकाला बेळगाववरून चोर्ला घाट. तिसरा म्हणे कोकणातून जाऊ, समुद्राच्या कडेनं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, म्हणजे माझी बुलेट आणि तो रस्ता एकाच वयाचे. बुलेट निदान पूर्ण मिळाली होती. पुणे-सातारा सहापदरी व्हायला घेतला २०१० ला, तो तिच्याहून थोरला. यावर मी जरा आवाज चढवला तर बँकवाला म्हणाला, "तू कशाला बोलतोस? दुचाकीला टोल माफ आहे." म्हणजे खड्ड्यात पडायचं फुकट, म्हणून ओरडायचंही नाही. माझा मणका काय टोलनाक्यावर सोडून येतो का मी? शेवटी ठरलं काय, तर कोल्हापूरला तांबडा-पांढरा खायचा आणि पुढचं तिथे बघायचं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो. बुलेटच्या हँडलला कापडी पिशवी लटकत होती. आत स्टीलची किटली, झाकणाला रबर, रबरात दुमडलेली चिठ्ठी. "परत येईपर्यंत किटली तुमच्याकडेच असू द्या. म्हशीचं."

कॅन मी त्याच क्षणी उपसून माळ्यावर टाकले. कॅरिअरही काढणार होतो, पण मागचे दोन नट फिरेनात. गॅरेजवाल्याला फोन केला. "निघणार नाही साहेब," तो अभिमानानं म्हणाला, "मी वेल्डिंग मारलंय."

संध्याकाळी किटली परत करायला बी विंगला गेलो. काकूंच्या दाराला कुलूप. समोरचं दार किलकिलं झालं, एका आजोबांनी चष्म्यावरून आधी किटली पाहिली, मग मला.

"तुम्हीच का ते? आम्हाला एक लिटर लावा. गायीचं. आणि हे बघा, पाणी घालायचं काम नाही."