नोकरी लागेल हो, टिकेल कशी?

तुरुंगात जाऊन आलेला, त्यात मानसिक आजार असलेला माणूस कामावर ठेवावा का? माझं उत्तर: ठेवावा. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पत्र्याच्या कामाचं छोटं युनिट चालवते. कटिंग, प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंग, शेवटी असेंब्ली आणि पॅकिंग. आमच्याकडे असा एक जण कामाला आहे. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. नाव, गाव आणि केस कशाची होती ते लिहायचं नाही, हेही आमचं ठरलं आहे. कुणाच्या अंगावर हात टाकल्याचा गुन्हा नव्हता, एवढं सांगायला त्याची हरकत नाही.

"पुनर्वसन" म्हटलं की आपल्याकडे सगळी धडपड नोकरी मिळवून देण्यापाशी येऊन थांबते. नेमणुकीचं पत्र देतानाचा फोटो निघतो, पाहुण्यांची भाषणं होतात, झालं. काम शिकवण्यात आपले तुरुंग तसे मागे नाहीत. नाशिकरोड कारागृहात सुतारकाम चालतं, विणकाम चालतं, तिथल्या बंदीजनांनी घडवलेले गणपती नाशिककर दरवर्षी हौसेनं घरी आणतात. हाताला कसब असतं. ते असूनही माणूस कामावर टिकत नाही, आणि का टिकत नाही याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

सुरुवात सुटकेच्या दिवसापासून करते. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली जवळपास तीन माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. शिक्षा झालेल्याला आपली सुटकेची तारीख माहीत असते. कच्च्या कैद्याला नसते. जामिनाचा कागद पोचतो आणि संध्याकाळी माणूस गेटबाहेर असतो. आत गोळ्या वेळेवर हातात पडत होत्या. बाहेर आल्यावर गोळी कुठली, किती, कुणाकडून घ्यायची, हे सांगणारा कागद खिशात असेलच असं नाही. मोबाईलचं सिम कधीच बंद पडलेलं. बँकेचं खातं व्यवहार नसल्यानं थंड पडलेलं. आधारला जोडलेला नंबर जुना, मग ओटीपी येणार कुठे? आणि ओटीपी नाही म्हणजे पीएफचं काम अडलं, पगार खात्यात जाणं अडलं. आमच्याकडच्या माणसाचे पहिले काही आठवडे हेच निस्तरण्यात गेले. तुरुंगातून सुटलेल्यांना सोबत करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्त्या त्याच्यासोबत आधार केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या नसत्या, तर तो माझ्या गेटपर्यंत पोचलाच नसता.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर माझं अनेकांशी वाजतं. चांगल्या मनाची माणसंसुद्धा म्हणतात, "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग थोडं ट्रेनिंग, मग बघू नोकरीचं." ऐकायला समंजस वाटतं. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या आजारात "पूर्ण बरा" याची वाट बघत बसलं तर अर्धं आयुष्य निघून जातं. मधुमेह पूर्ण बरा झाल्यावर नोकरीला ये, असं आपण कुणाला म्हणत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी याच्या उलट पद्धत उभी केली. माणसाला काम करायची इच्छा आहे ना, मग लगेच खऱ्या बाजारातली, खऱ्या पगाराची नोकरी शोधायला लागा. ती त्याच्या आवडीची असू द्या. उपचार करणारे आणि नोकरी शोधून देणारे एकाच टीमचे हवेत. आणि नोकरी लागल्यावर हात सोडू नका, गरज असेल तोवर सोबत राहा.

हीच पद्धत इलिनॉय राज्यात गंभीर मानसिक आजार असलेल्या आणि अटक किंवा तुरुंग पाहिलेल्या लोकांवर तपासली गेली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला ही सोबत मिळाली, दुसऱ्या गटाला जॉब क्लबची, म्हणजे गटानं मिळून नोकरी शोधण्याची मदत. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३१ टक्के लोकांना खुल्या बाजारात नोकरी मिळाली, दुसऱ्यातल्या ७ टक्क्यांना. फरक चौपटीहून जास्त आहे. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मी लपवणार नाही. चांगल्या गटातही दोन तृतीयांशांहून अधिक लोकांना काम मिळालं नाही. आणि पुन्हा अटक होण्याच्या किंवा हॉस्पिटलात भरती होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यामुळे "यांना नोकरी द्या म्हणजे गुन्हे कमी होतील" असं सांगून मी कुणाला पटवायला जात नाही. काम करू शकणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या माणसाला काम मिळावं, एवढं कारण मला पुरतं.

टिकण्याचा खरा कस लागतो तो दोन-तीन महिन्यांनी. सुरुवातीला सगळेच जपून असतात, तोही आणि आपणही. मग हातात पगार येऊ लागतो. इतके दिवस न ओळखणारे नातेवाईक उसने मागायला येतात. बरं वाटू लागलेलं असतं, म्हणून "आता गोळ्या कशाला?" असं मनात येतं. गोळ्यांनी सकाळी डोळे जड होतात, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, त्यामुळे त्या सोडायचा मोह खराच असतो. आमच्याकडेही तसंच झालं. आधी तो डबा खायला एकटा बसू लागला. मग असेंब्लीतली पोरं आपल्याबद्दलच बोलतायत असं त्याला वाटायला लागलं. एकदा हातातलं काम तसंच टाकून गेटपाशी जाऊन उभा राहिला.

आमच्या सुपरवायझरांना सगळे अण्णा म्हणतात. ते केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "ताई, याला काढू नका. कामाचा माणूस आहे. झोप मोडलीय त्याची, डोळे बघा." मानसशास्त्राचं पुस्तक त्यांनी कधी उघडलेलं नाही. तीस वर्षं माणसं हाताळली आहेत. संस्थेच्या ताईंचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये होताच. त्या त्याच दिवशी आल्या, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, गोळ्या सुरू झाल्या, काही दिवस रजा झाली, आणि तो परत प्रेसच्या पलीकडच्या त्याच टेबलावर पत्र्याच्या कडांची बर, म्हणजे धारदार कुसळं, काढायला बसला. तो नंबर नसता तर आमच्या भागात पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. एवढ्या एका वाक्यात उपचार, घरभाडं, जामिनाच्या अटी, सगळं कोसळतं.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना सांगते, यासाठी मोठं मन लागत नाही, चार व्यवस्था लागतात. रात्रपाळी द्यायची नाही, कारण झोप मोडणं या आजारांना फार महागात पडतं. सकाळी पेंग राहत असेल तर पॉवर प्रेसवर बसवायचं नाही. डिबरिंग, असेंब्ली, पॅकिंग, स्टोअर अशी कामं आहेतच की. बायपोलरसाठी लिथियम घेणारा माणूस असेल तर त्याला पावडर कोटिंगच्या भट्टीजवळ घाम गाळत उभं करायचं नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन हे औषध चालू असेल तर ठरलेल्या वेळी रक्ततपासणीला सोडावंच लागतं. ओपीडीचा दिवस हा खाडा धरायचा नाही, आधी ठरलेली सुट्टी धरायची. कोर्टाच्या तारखेचंही तसंच. जामिनावरचा माणूस तारखेला गेला नाही तर वॉरंट निघू शकतं, आणि गेला तर ठेकेदार मजुरी कापतो. आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर त्याच्या तारखा अकाउंटंटच लिहून ठेवते.

आणि मस्टरवर, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर घ्या हो, ठेकेदाराच्या वहीत नको! हे मी कळकळीनं लिहिते आहे. मस्टरवर घेतलं की २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा लागू होतो. त्यात दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ असतो. त्या ३४ आजारांच्या यादीत सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार आहे. सलग २ वर्षं नोकरी आणि ठरलेले हप्ते भरलेले असले, तर अशा आजारपणात साधारण ८० टक्के पगार कमाल २ वर्षांपर्यंत मिळू शकतो. ज्याला या तरतुदीची सगळ्यात जास्त गरज आहे तोच माणूस बहुतेक वेळा वहीतल्या नोंदीवर राबत असतो आणि त्यातून सुटतो.

आजाराचं नाव मला कळायला हवं का? नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे. मालक म्हणून मला कळायला हवं ते एवढंच: कुठलं काम देऊ नये, रजा कधी लागेल, आणि काही बिनसलंय असं वाटलं तर फोन कुणाला करायचा. आमच्या माणसानं पुढे आपण होऊन मला आजार सांगितला, तो त्याचा निर्णय. तुरुंगाचं मात्र कधी ना कधी सगळ्यांना कळतंच. शॉपमध्ये कुजबूज झाली तेव्हा अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उचलला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी काही बोलायची वेळच आली नाही.

आता तुम्ही विचाराल ते. पहिला प्रश्न: सरळमार्गी पोरं बेकार फिरतायत, त्यांच्या आधी यांना का? प्रश्न चुकीचा नाही. पण आमच्या भागात "हेल्पर पाहिजे" अशा पाट्या महिनोन्महिने गेटवर टांगलेल्या असतात. आमच्या या माणसानं कुणाच्या ताटातलं ओढून घेतलेलं नाही. दुसरा प्रश्न: धोका नाही का? मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात, आणि ज्याचा उपचार चालू आहे, ज्याची झोप-जेवण नीट आहे, त्याच्याबद्दल काळजीचं कारण आणखी कमी असतं. तरीही मी डोळे मिटून घ्या म्हणत नाही. आजाराच्या भरात कुणाला इजा केलेली असेल आणि उपचार थांबलेले असतील, तर आधी डॉक्टर, मग काम. हे माणूस बघून ठरवायचं असतं, शिक्का बघून नाही. तिसरा प्रश्न पीडितांचा, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. ज्याचं नुकसान झालं त्याला न्याय मिळायलाच हवा. तो कोर्टानं द्यायचा. शिक्षा संपल्यावर पुन्हा उपासमारीची शिक्षा द्यायचा अधिकार मला मालक म्हणून कुणी दिलेला नाही.

कायदे आपल्याकडे आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का ज्या गटांसाठी आहे त्यात तो येतो. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५८ च्या कलम १२ नुसार प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू राहत नाही. किती वकील आपल्या अशिलाला हे समजावून सांगतात? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ मध्ये प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं असं म्हटलं आहे. तिथून गेटबाहेरच्या दवाखान्यापर्यंतचा दुवा मात्र कागदावरच राहतो. सुटकेच्या वेळी महिनाभराची औषधं, उपचाराचा कागद आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीची तारीख, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या हातात द्या, अशी माझी सरकारकडे मागणी आहे. याला नवा कायदा लागत नाही.

बाईचं तर याहून अवघड. पुरुष सुटून आला की निदान आई दार उघडते. बाई तुरुंगातून किंवा मनोरुग्णालयातून आली की सासर बंद आणि माहेरही बंद. राहायला जागा नसेल तर नोकरीचं बोलून काय उपयोग? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'तराशा' प्रकल्प मनोरुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी मुंबईत निवारा, काम आणि सोबत एकत्र बघतो. त्याच संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून बंदीजनांसोबत तुरुंगात आणि सुटकेनंतर काम करतो आहे. अशी कामं महाराष्ट्राच्या प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाच्या शहरात उभी राहायला हवीत, आणि त्यातल्या कार्यकर्त्यांना सहा-सहा महिन्यांच्या करारावर नाही, तर नीट पगारावर ठेवायला हवं. आमच्याकडे आलेल्या ताईंची नोकरीच पक्की नाही, आणि त्या दुसऱ्यांच्या नोकऱ्या टिकवतायत. याचा मला खरंच राग येतो.

सातपूर, अंबड, सिन्नरमधल्या ज्या कुणाच्या युनिटमध्ये दिवसपाळीचं, मशिनपासून लांबचं एखादं काम असेल, त्यांनी मला मेसेज करा. सुरुवातीला एकच जागा चालेल. अर्ध्या दिवसाची असली तरी चालेल. मस्टरवर घ्यायची तयारी मात्र हवी, आणि पहिल्या तीन महिन्यांत काही बिनसलं तर माणूस काढायच्या आधी एक फोन करायची. काम बघून माणूस सुचवायला संस्थेची मंडळी तयार आहेत. तुमच्या सुपरवायझरांना प्रश्न असतील तर अण्णा कुठल्याही रविवारी चहाला यायला तयार आहेत.