मधली काच
क्रूझ जहाजांवरील मुलांच्या क्लबांविषयीच्या लेखात म्हटले आहे की वयोगट काटेकोर असले की मुले लवकर रमतात; हे विधान ३ ते ५ वर्षांच्या गटापुरते मला पटते. बहुतेक जहाजांवर त्या गटासाठी डायपर सुटलेला असण्याची अट असते आणि तिथले खेळही निराळेच असतात. मात्र ८ आणि ९ वर्षांच्या सख्ख्या भावंडांमध्ये हीच रेघ ओढली जाते तेव्हा काय होते, याचा लेखात उल्लेखही नाही. आमच्या सफरीत थोरला शेजारच्या ९ ते ११च्या खोलीत गेला आणि धाकटी पहिली संध्याकाळभर मधल्या काचेला नाक लावून उभी राहिली. थोरल्याला खालच्या गटात बसवण्याची आमची विनंती दुसऱ्या दिवशी मान्य झाली खरी (त्याची थोडी कुरकुर झालीच), पण अशी सोय आहे हे नोंदणीच्या वेळी कोणी सांगितले नव्हते.