फाँट बदलणं एका ओळीचं काम नाही, भो

सध्या प्रोग्रामिंगवाल्यांत एक म्हणणं फिरतंय: विंडोज, लिनक्स, मॅक अशा तिन्हीकडे चालणाऱ्या टूलकिटमध्ये (म्हणजे प्रोग्रामची बटणं, तक्ते वगैरे बनवायच्या तयार साहित्यात) फाँट बदलायची सोय घालणं म्हणजे एका ओळीचं काम. नाव द्या, आकार द्या, झालं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक, आल्यापासून सगळे फाँट सारखेच. आणि अगदीच अडलं तर एक फाँट प्रोग्रामसोबत देऊन टाका, लोक कुठे फाँट बदलत बसतात!

मी गेले काही महिने एका लहानशा टूलकिटमध्ये हीच सोय घालतोय. त्यावर चालणारा काटापट्टीचा (वजनाच्या पावतीचा) प्रोग्राम सावद्याजवळच्या एका केळी व्यापाऱ्याकडे लावलाय. त्यामुळे हे म्हणणं वाचून हसू आलं, मग राग आला.

आधी 'नाव द्या'चं बघू. विंडोजवर 'मंगल' हा देवनागरी फाँट मागितला तर सहसा मिळतो. लिनक्सवर तो नसतो, पण तिथलं फाँट शोधून देणारं फाँटकॉन्फिग 'नाही' म्हणत नाही. जवळचा वाटेल तो फाँट गुपचूप हातात ठेवतं. तुमची ती एक ओळ यशस्वी, पडद्यावर मात्र भलताच फाँट. म्हणून मागितलं काय आणि मिळालं काय, हे टूलकिटला परत विचारावं लागतं.

'आकार द्या' त्याहून फसवं. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ पिक्सेल) पडद्यावर १२ पॉइंटचे १६ पिक्सेल होतात, १२०च्या पडद्यावर २०. टूलकिटच्या अर्ध्या भागात पॉइंट आणि अर्ध्या भागात पिक्सेल धरले असतील (आमच्यात होते, दोष माझाच), तर बटणावरची अक्षरं एका मापाची आणि तक्त्यातली दुसऱ्या.

खरी गोम 'सगळे फाँट सारखेच' यात आहे. हा समज कुठून आला तेही मला ठाऊक आहे. 'शिवाजी', 'कृतिदेव' यांच्या काळात मजकूर निवडायचा, यादीतून फाँट निवडायचा, की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी दिसायचं. तिथे फाँट म्हणजे नुसता मुखवटा होता. युनिकोडमध्ये तसं नाही. 'किलो' लिहिताना आधी क साठवला जातो, मग इकार. चित्रात मात्र इकार कच्या आधी यायला हवा. आमच्या टूलकिटने साठवलेल्या क्रमानेच अक्षरं काढली आणि काटापट्टीवर २० 'कलिो' केळी उतरली! ही जुळणी हार्फबझसारखी लायब्ररी (तयार कोड) करते, काही लिपीच्या नियमांवरून आणि बाकी फाँटमध्येच दिलेल्या नियमांवरून. म्हणजे फाँट बदलला की नियम बदलले, रुंदी बदलली, आधी मोजून ठेवलेलं सगळं रद्द. शिवाय मजकूर मराठी आहे हेही लायब्ररीला सांगावं लागतं. नाहीतर फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे उमटतात.

आता प्रोग्रामसोबत एकच फाँट द्यायचा उपाय. नोटोसारखा खुल्या परवान्याचा फाँट देता येतो, आणि मीही देतोच. एवढ्यापुरतं ते म्हणणं बरोबर. पण एका फाँटमध्ये सगळीच चिन्हं नसतात. ₹ युनिकोडमध्ये आलं २०१० साली. त्याआधीच्या फाँटमध्ये त्या जागी रिकामा चौकोन. तेवढं एक चिन्ह दुसऱ्या फाँटमधून आणावं, तर त्याची उंची वेगळी आणि ओळ वाकडी.

आणि लोक फाँट बदलत नाहीत म्हणे. प्रोग्राम लावला त्या दिवशी तिथले साठीतले मुनीमजी चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "भो, माले काहीच दिखत नही." त्यांना फाँटचं नाव-गाव नको होतं, अक्षर मोठं हवं होतं. टूलकिटच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच काम: सगळं पुन्हा मोजा, पुन्हा मांडा.

टूलकिट वापरणाऱ्या प्रोग्रामरला ती एकच ओळ दिसावी, हे मलाही मान्य आहे. सध्या मुनीमजींच्या पडद्यावर १८ पॉइंट आहे. बटणं वाढली, तक्त्याच्या ओळीही वाढल्या. फक्त मथळ्याची उंची मी कधीकाळी पिक्सेलमध्ये ठोकून ठेवली होती, त्यामुळे 'एकूण'चा ऊकार खालून कापला जातो आणि वजनाच्या रकान्यावर 'एकण' दिसतं. आज ती ठोकलेली उंचीच काढून टाकतोय.