याला काही होत नाही

गच्चीतल्या टेबलाचा पाय गेला तेव्हा मी त्याच टेबलावर कोपर टेकवून पेपर वाचत होतो. मोडल्याचा आवाज वगैरे काही झाला नाही. म्हैस बसते तसं टेबल बसलं. आधी एक गुडघा, मग सावकाश बाकीचं अंग. पाय उचलून पाहिला तर वरून रंग शाबूत, ठणठणीत. फक्त शेवटचा इंच नव्हता. फरशीवर पडलेल्या रबरी बुचात तांबडा चुरा होता, तोच तो इंच.

बूच मीच हौसेनं बसवलं होतं, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. फरशी अजून छान आहे. पोकळ पाइपात वरून पाणी शिरत होतं, खाली बुचात साठत होतं आणि पाय आतून खात होतं. बाहेरून मी रंगाचे तीन हात दिले होते. पाइपाच्या आत ब्रश कोण घालणार? त्यात गंजाची खोड अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. फुगतो, वरचा रंग उचलतो आणि खालचं ताजं लोखंड हवा-पाण्याच्या स्वाधीन करतो. आगंतुक पाहुण्यानं आत शिरून स्वतःच दाराची कडी काढून ठेवावी, तसं.

आता न गंजणारे पाय आणायचे, असं ठरलं. ठरवलं हिनं, माझ्याकडे फक्त निवडणं होतं.

"याला काही होत नाही," पहिला दुकानदार म्हणाला आणि त्यानं पायावर टिचकी मारली. टिचकीनं काय सिद्ध झालं ते मला कळलं नाही, पण मीही एक मारली आणि जाणत्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दुकानात वेगळा पाय, तीच टिचकी, तेच वाक्य. तिसऱ्या दुकानात तो बोलायच्या आत मीच म्हणालो, "याला काही होत नसेल ना?" त्याला फार बरं वाटलं.

मग मेव्हण्यानं सल्ला दिला. "लोहचुंबक घेऊन जा. चिकटला तर सोड, नाही चिकटला तर अस्सल स्टेनलेस!" घरात लोहचुंबक एकच, फ्रिजवरचं पिवळं बदक. ते खिशात घालून मी चार दिवस हिंडलो. दुकानदाराची पाठ वळली की बदक पायाला लावायचं. एका ठिकाणी ते चिकटेना. मला आनंद झाला. तिथं वेल्डिंग करणारा माणूस काच वर सारून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "साहेब, 202 आहे ते. त्यालाही चिकटत नाही."

मग त्यानं मला शहाणं केलं. हे आकडे म्हणजे स्टेनलेसच्या जाती. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्रोमियमचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर वर धरतो, तोच गंजाला अडवतो. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. घरात चालतं, पावसात लवकर डागाळतं, पण चुंबक दोन्हींना सारखाच नाकारतो. उलट चांगल्या 304 चा पाइप वाकवला, की वाकवलेल्या जागी तो थोडा चिकटूही शकतो. आणि 430 ला सरळ चिकटतो, तरी तेही स्टेनलेसच. थोडक्यात, बदकाच्या मताला काडीची किंमत नव्हती. मेव्हण्याच्याही नव्हती, पण ते घरी बोलता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियम मला आवडलं होतं. तांबडा गंज नाही आणि वजन लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश. पण वजनाचा हा गुण वाऱ्यालाही आवडतो. शिवाय त्यात स्टेनलेसचे स्क्रू पिळले आणि वर ओल राहिली, तर झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. दोन धातू आणि मध्ये ओल, की झालीच बॅटरी. गॅल्व्हानी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं 1791 साली हेच छापलं होतं: दोन धातू लावले की मेलेल्या बेडकाचा पाय उडतो. त्याला वाटलं, वीज बेडकातच आहे. जस्ताच्या मुलाम्याचं गॅल्वनायझिंग हे नाव त्याच्याच नावावरून आलेलं. बेडकाच्या पायावरून टेबलाच्या पायावर यायला असा वेळ लागला.

शेवटी तेच घेतलं, जस्तात बुडवलेलं लोखंड. जस्ताचा स्वभाव थोरल्या भावासारखा आहे. ओरखडा लोखंडाला पडतो, झिजतं जस्त. नुसता रंग असता तर ओरखड्याखालून गंज गुपचूप पसरला असता. हे वितळलेलं जस्त 450 अंशांच्या आसपास असतं आणि त्यात पोकळ पाइप बुडवायचा तर त्याला भोकं पाडावीच लागतात. नाहीतर आतली ओल तापून पाइप फुटतो. ते ऐकून मला गहिवरून आलं. भोक! म्हणजे पाणी खालून निघून जाणार! त्या शेवटच्या इंचासाठी मी दोन आठवडे वणवण करत होतो आणि ते भोक आयतंच मिळत होतं. वरून पावडर कोटिंग करून घेतलं. फळीला पाय मीच जोडले, डब्यातले जुने स्क्रू वापरून.

पहिला मोठा पाऊस येऊन गेला आणि मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो. चारही पायांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. इतकं समाधान मला वर बसून पेपर वाचतानाही कधी झालं नव्हतं.

"अहो, टेबलाच्या वर बसायचं असतं," ही खुर्ची ओढत म्हणाली. "काय दिसतंय एवढं?"

टॉर्च फिरवता फिरवता स्क्रूवर गेला होता. डोक्याभोवती नारिंगी कडं धरलं होतं आणि तिथून एक बारीक ओघळ नव्याकोऱ्या पायावर उतरला होता. मी त्यावर अंगठा दाबून धरला.

"काही नाही," मी खालूनच म्हणालो. "याला काही होत नाही."