चेहरा ओळखा, डेटा वाचवा

लग्नाच्या धूसर दिसणाऱ्या फोटोत नवरा कोण आणि करवला कोण हे फेट्यावरून ठरवायची वेळ आली, की लोक फोटोग्राफरच्या नावाने बोटं मोडतात. माझा संशय आधी ब्राउझरवर जातो. त्यातला ‘डेटा सेव्हर’ म्हणजे घरातले काटकसरी काका. दीड जीबी रोजचा डेटा रात्री निम्मा शिल्लक असला तरी ह्यांची बचत चालूच.

ऑपेरा मिनी ह्या ब्राउझरमध्ये बचत जोरात असली की पान थेट आपल्याकडे येत नाही. आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे चित्रं दाबून निघतात आणि उरलंसुरलं मोबाइलवर उतरतं. जेपीजी ही फोटो दाबून साठवायची पद्धत चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारकावा कमी करते. दाब वाढला की बारकावा जातो, चौकोन तेवढे राहतात. रंगाच्या माहितीवर तर बहुतेकदा आधीच कात्री लागलेली असते, पाव हिस्सा ठेवला तरी डोळ्याला सहसा कळत नाही म्हणून. कळतं ते केशरी पत्रिकेवरच्या लाल अक्षरांत. आधी अनुस्वार जातात, मग 11:36 चा मुहूर्त 11:38 वाटू लागतो आणि भटजींच्या आधी नातेवाइकांत वाद सुरू होतो.

उपाय सोपा आहे. ऑपेरा मिनीत ‘ओ’च्या चिन्हावर टिचकी मारून डेटा बचतीच्या सेटिंगमध्ये जा, इमेज क्वालिटी ‘हाय’ करा किंवा बचतच बंद करा. एवढं करूनही फोटो जैसे थे दिसू शकेल, कारण ब्राउझर कॅशमधलं, म्हणजे आधी उतरवून साठवलेलं, शिळंच वाढतोय. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ5 एकदम दाबा. मोबाइलवरच्या क्रोममध्ये ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’त जाऊन फक्त कॅश्ड इमेजेसवर खूण ठेवा. त्याच यादीत पासवर्डही असू शकतात, तेव्हा उत्साह आवरा.

क्रोममध्ये डेटा वाचवणारा ‘लाइट मोड’ शोधत बसू नका. तो 2022 मध्ये 100 व्या आवृत्तीबरोबर गेला. अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमधला डेटा सेव्हर मात्र जागेवर आहे. तो चालू असला की वेबसाइटला ‘हलकं द्या’ असा निरोप जाऊ शकतो. ऐकायचं की नाही, ही साइटची मर्जी.

तरीही धूसर? चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडून मापं बघा. रुंदी 300 पिक्सेल निघाली तर सेटिंगचा काही दोष नाही. तुम्ही सर्चच्या निकालातलं थंबनेल, म्हणजे छोटी नमुना प्रत, उतरवलंय. मूळ पानावर जा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोचंही तेच, पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा. ‘फोटो शार्प करून देतो’ म्हणणाऱ्या अ‍ॅपवर माझा काडीचा विश्वास नाही. गेलेली भुवई परत येत नाही, अ‍ॅप स्वतःच्या मनाने नवी काढतं.

एवढ्या खटपटीने चार एमबीचा खणखणीत मूळ फोटो हाती आला, की भरतीचा ऑनलाइन फॉर्म म्हणतो: 20 ते 50 केबी. आता दाबायची पाळी आपली! आधी फोटो 413 × 531 पिक्सेलचा करा (साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके), मग जेपीजीची क्वालिटी 80 च्या आसपास ठेवा. बहुधा बसतो. नाही बसला तर तीच फाइल पुन्हा दाबू नका. मूळ फोटोपासून सुरुवात करून क्वालिटी 70 करा.